चिठ्ठीवर फायकस, कुंडीत पिंपरी: पानांवरून बोन्साय ओळखण्याची रीत

ठाण्यात घोडबंदर रोडच्या कडेच्या नर्सऱ्यांत बोन्साय बघायला गेलात, की बहुतेक कुंड्यांत प्लास्टिकची एक पट्टी खोचलेली दिसते. तिच्यावर मार्करनं लिहिलेलं असतं: फायकस, जिनसेंग, रेटुसा, ज्युनिपर, चायनीज एल्म, जेड. घरी आल्यावर आपण तेच नाव मोबाइलवर शोधतो आणि पाणी, ऊन, छाटणी सगळं त्या नावाबरहुकूम सुरू करतो. नाव खरं असेल तर उत्तम. चुकीचं असेल तर मनापासून केलेली काळजीसुद्धा झाडाला भोवते.

याचं नेहमी दिसणारं उदाहरण म्हणजे नांद्रुक आणि बेंजामिना. दोन्ही फायकस, दोन्ही 'फायकस बोन्साय' म्हणूनच विकली जातात. नांद्रुकाची फांदी एकही पान न ठेवता कापली तरी जुन्या लाकडातून फुटवे येतात. बेंजामिनाची फांदी तशीच बोडकी केलीत तर ती बरेचदा मागे मागे वाळत जाते. एकाच चिठ्ठीखालच्या दोन झाडांना एकच कात्री लावून चालत नाही. म्हणून नाव तपासून घ्या, आणि ते पानावरून तपासायला शिका. फुलं-फळं बोन्सायवर कधी येतील याचा भरवसा नसतो, पानं मात्र जवळजवळ बारा महिने समोर असतात.

चिठ्ठी चुकते कशी, हेही माहीत असावं. बराचसा माल बाहेरून ट्रकनं येतो, त्यात आंध्र प्रदेशातल्या कडियमसारख्या नर्सरीच्या गावांचा वाटा मोठा. अख्ख्या लॉटला एकच नाव असतं आणि त्या लॉटमध्ये दोन-तीन जातींची रोपं मिसळलेली असू शकतात. पाणी मारताना पट्ट्या पडतात, माळीदादा त्या उचलून हाताशी असेल त्या कुंडीत खोचतात. यात कुणी फसवत असतंच असं नाही. शिवाय काही नावं मुळात जातीची नावंच नसतात. 'फायकस' हे एका मोठ्या प्रजातीचं नाव आहे. त्यात 800 च्या वर जाती येतात आणि आपले वड, पिंपळ, उंबर, अंजीर हे सगळे त्यातलेच. 'जिनसेंग' हे फुगलेल्या मुळांच्या आकारावरून पडलेलं व्यापारी नाव, त्या औषधी जिनसेंगशी या झाडाचा काही संबंध नाही. आणि 'रेटुसा' म्हणून जे विकलं जातं ते जवळपास सगळं फायकस मायक्रोकार्पा, म्हणजे आपलं नांद्रुक असतं.

पानातलं काय खरं धरायचं

पुढच्या सगळ्या पायऱ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत, म्हणून ती आधी नीट समजून घेऊ. छाटणी, लहान कुंडी आणि भरपूर ऊन यांनी पानाच्या काही गोष्टी बदलतात, काही बदलत नाहीत.

बदलतं ते असं. पानाची लांबी-रुंदी, जाडी, रंगाची गडद-फिकट छटा, देठाची लांबी आणि दोन पानांमधलं अंतर. वडाचं वीतभर पान बोन्सायवर तळहाताहून लहान होतं. सगळी पानं काढून नवी आणली की ती आणखी बारीक येतात. 'पान इतकं लहान आहे, म्हणजे हा वड नाही' असं अनुमान म्हणूनच पहिल्याच पावलावर घसरतं.

बदलत नाही ते हे: पानं फांदीवर समोरासमोर येतात की एकाआड एक, पान साधं आहे की अनेक पर्णिकांचं (म्हणजे एकाच पानाच्या छोट्या छोट्या तुकड्यांचं), मोठ्या झाडाच्या पानाची कड सलग आहे की दातेरी, बुडाशी दोन्ही बाजू सारख्या आहेत की वाकड्या, शिरा कशा धावतात, चीक आहे की नाही, आणि कोवळ्या डोळ्यावर, म्हणजे अंकुरावर, टोपण असतं की नाही. ओळख पटवायची ती या खुणांवर. आकाराकडे सगळ्यात शेवटी बघा.

पहिली पायरी: एक फांदी मोकळी सोडा

सतत चिमटलेल्या झाडावर खरं पान सापडत नाही. झाडाच्या घाटाला धक्का लागणार नाही अशी मागच्या बाजूची एक फांदी निवडा, तिला लाल दोरा बांधा आणि पाच-सहा आठवडे कात्री लावू नका. आपल्याकडे याला सगळ्यात चांगला काळ म्हणजे जून-जुलै. पहिल्या पावसानंतर फुटवा झपाट्यानं येतो आणि त्या फांदीवर पूर्ण वाढलेली, जातीला साजेशी पानं दिसतात.

तपासायला पान घ्यायचं ते शेंड्यापासून चौथं ते सहावं. अगदी शेंड्याची पानं कोवळी असतात, त्यांचा रंग आणि मऊपणा दिशाभूल करतात. बुडाची जुनी पानं किडलेली किंवा धुळीनं काळवंडलेली असतात. आणि एकाच पानावर निर्णय नको. वरून, मधून आणि खालून अशी तीन ठिकाणची पानं घ्या.

जिनसेंग फायकसच्या बाबतीत ही तीन ठिकाणं फारच महत्त्वाची. खालचा फुगलेला भाग एका झाडाचा असतो आणि वर पुष्कळदा बारीक पानांच्या वाणाची कलमं बांधलेली असतात. कलमाच्या सांध्याखालून फुटवा आला तर त्याची पानं वरच्यापेक्षा मोठी आणि वेगळी दिसतात. एकाच झाडावर दोन तऱ्हेची पानं दिसली की आधी बोटानं चाचपून कलमाचा सांधा शोधा, तिथे सालीचा पोत बदललेला किंवा गाठ आलेली असते. नाव ठरवताना दोन्ही पानांची वेगळी नोंद ठेवा.

दुसरी पायरी: पान धुवा

आमच्याकडे मेट्रोचं काम, डंपर आणि बांधकामं यांची धूळ गॅलरीतल्या प्रत्येक पानावर बसते. त्या थराखाली लव, चकाकी, पांढरे ठिपके काहीच कळत नाही. पान साध्या पाण्यात धुवून मऊ फडक्यानं टिपून घ्या. साहित्य म्हणाल तर पांढरा कागद, मोजपट्टी, पेन्सिल, मोबाइलचा टॉर्च आणि सोनार वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून बरंच काम भागतं, पण भिंग घ्याच. बोन्सायची आवड असेल तर ते पुढे कीड ओळखायलाही रोज लागतं.

तिसरी पायरी: ते खरंच पान आहे का?

सुईसारखी किंवा खवल्यांसारखी हिरवाई असलेली झाडं आधी बाजूला काढा, कारण इथे चिठ्ठ्यांचा गोंधळ फार. 'पाइन' म्हणून विकलं गेलेलं झाड कित्येकदा 'सुरू' नावाचं असतं, तोच अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावरचा. हे ओळखायला मिनिटही लागत नाही. लांब हिरवी काडी घ्या, दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढा. सुरूची काडी सांध्यावर सुटून येते. तो सांधा भिंगाखाली धरा. त्याच्याभोवती 6 ते 8 बारीक टोकदार दात गोल उभे दिसतील. ते दात म्हणजे सुरूची खरी पानं आणि आपण जिला सुई समजत होतो ती हिरवी डहाळी. खऱ्या पाइनच्या सुया सांध्यावर सुटत नाहीत. त्या दोन, तीन किंवा पाचच्या जुडग्यात येतात आणि जुडग्याच्या बुडाशी तपकिरी आवरण असतं.

'ज्युनिपर'च्या चिठ्ठीखाली मोरपंखीही सापडते. मोरपंखीच्या फांद्या इस्त्री केल्यासारख्या चपट्या असतात, उभ्या धरलेल्या, आणि दोन्ही बाजूंनी रंग सारखा. ज्युनिपरच्या डहाळ्या गोलसर असतात, चारी बाजूंना पसरतात आणि कोवळ्या झाडावर बोचणारी टोकदार पानं असतात, बरेचदा तीन-तीनच्या वेढ्यात. चिठ्ठी ज्युनिपरची आणि झाड मोरपंखी निघालं तर मी तुम्हाला शुभेच्छाच देईन. ठाण्याच्या दमट उकाड्यात ज्युनिपर टिकवणं अवघड आहे. त्यातून तो मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो, त्यामुळे चूक कळेपर्यंत उपाय उरत नाही.

चौथी पायरी: साधं पान की संयुक्त?

पान कुठे सुरू होतं हे फांदीवरचा डोळा सांगतो. पानाच्या देठाच्या बेचक्यात, फांदीला लागून, नेहमी एक डोळा असतो. छोट्या छोट्या पर्णिकांच्या बुडाशी डोळा नसतो. म्हणून एकेक हिरवा तुकडा धरून मागे मागे जा आणि डोळा दिसेल तिथे थांबा. तिथून पुढचं सगळं मिळून एक पान.

पान संयुक्त निघालं तर उमेदवार थोडेच उरतात. एका दांड्यावर एकाआड एक 3 ते 9 चकचकीत पर्णिका, पान चुरगळलं की लिंबूवर्गी वास आणि उजेडासमोर धरलं की सुईनं टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसले, तर ती कुंती. बाजारात तिला कामिनी किंवा ऑरेंज जस्मिन म्हणतात. तसेच ठिपके पण पर्णिका डझनाच्या पुढे आणि वास थेट फोडणीचा आला, तर कढीपत्ता. काटे, ठिपके आणि पर्णिकांच्या मधल्या दांड्याला दोन्हीकडून बारीक पंख असतील तर कवठ.

चिंच आणि विलायती चिंच यांचीही अदलाबदल होते. चिंचेच्या एका दांड्यावर बारीक पर्णिकांच्या दहा ते वीस जोड्या असतात आणि काटा नसतो. विलायती चिंचेचा देठ पुढे दोन फाट्यांत विभागतो, प्रत्येक फाट्यावर दोन अशा चारच पर्णिका, आणि देठाच्या बुडाशी काट्यांची जोडी. एकदा पाहिलं की परत चुकणार नाही.

गोरखचिंचेच्या चिठ्ठीखाली कधी कधी काटेसावर निघते. दोघांच्याही पर्णिका पंजासारख्या एका बिंदूतून पसरतात. पण काटेसावरीच्या प्रत्येक पर्णिकेला स्वतःचा छोटा देठ असतो, गोरखचिंचेच्या पर्णिका जवळजवळ थेट चिकटलेल्या. एक सावधगिरी मात्र घ्या. गोरखचिंचेच्या लहान रोपाला सुरुवातीला साधी पानं येतात. पंजा दिसत नाही म्हणून लगेच चिठ्ठीला खोटं ठरवू नका, रोपाला वाढू द्या.

पाचवी पायरी: समोरासमोर की एकाआड एक?

मोकळ्या सोडलेल्या फांदीचा मधला भाग बघा. एका सांध्यावर दोन पानं एकमेकांसमोर असतील तर मांडणी समोरासमोरची. एका सांध्यावर एकच पान, पुढचं दुसऱ्या बाजूला, तर एकाआड एक. शेंड्याकडे सांधे इतके जवळ येतात की एकाआड एक पानंही जोडीनं आल्यासारखी भासतात, म्हणून मधला भाग म्हणतो आहे. पानं गळलेली असतील तर फांदीवरचे व्रण मोजा, तेही तेच सांगतात.

या एका प्रश्नानं अर्धी यादी गळते. फायकस एकाआड एक असतो. चिठ्ठीवर फायकस आणि पानं सरळसरळ समोरासमोर, तर आपल्या बाजारातल्या झाडांपुरता निकाल तिथेच लागला. मग डाळिंब, बार्बाडोस चेरी, जेड, वॉटर जस्मिन यांच्याकडे वळा. जेडचं म्हणाल तर त्यातही दोन झाडं आहेत. पान साधारण नखाएवढं आणि कोवळी काडी लालसर-तपकिरी असेल तर पोर्टुलाकेरिया, पान अंगठ्याएवढं, गुबगुबीत, कडेला लाली आणि खोड हिरवट जाड असेल तर क्रासुला. बोन्साय म्हणून पहिलं जास्त सोयीचं, फांद्या लवकर दाट होतात.

समोरासमोर बारीक पानं आणि चुरगळल्यावर नकोसा वास आला, तर सेरिसा असण्याची शक्यता धरा.

सहावी पायरी: चीक आणि वळं

आता पानाचा देठ फांदीपासून खुडा, किंवा टाचणीनं टोचा. पांढरा चीक आला तर पुढे वाचा. झाड तहानलेलं असेल तर चीक कमी येतो, म्हणून पाणी घातल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ही चाचणी करा. चीक डोळ्याला किंवा तोंडाला लागू देऊ नका आणि हात साबणानं धुवा. फायकसच्या चिकानं काहींच्या त्वचेवर पुरळ येतो. कण्हेर आणि अडेनियम यांचा तर विषारीच असतो.

नुसता चीक म्हणजे फायकस नव्हे. चीक आहे पण पानं समोरासमोर, पातळ, आणि लोंबत्या देठांवर पांढरी सुवासिक फुलं, तर ते वॉटर जस्मिन. त्याला पाणी जास्त लागतं, फायकस समजून कमी दिलंत तर पानं मलूल होतात. चीक आणि एका सांध्यावर तीन लांबट पानं असतील तर कण्हेर.

चीक आहे आणि पानं एकाआड एक आहेत, तर शेवटची खात्री वळ्यानं करा. फायकसच्या शेंड्याला एक टोकदार, गुंडाळलेलं टोपण असतं, वनस्पतिशास्त्रात ज्याला उपपर्ण म्हणतात. नवं पान उमलताना ते टोपण गळून पडतं आणि फांदीभोवती पूर्ण गोल असा बारीक व्रण राहतो. प्रत्येक पानाच्या सांध्याशी बोटातल्या अंगठीसारखं एक वळं. भिंगातून बघा, किंवा फांदी तिरप्या उजेडात फिरवून बघा. फणसाच्या काही भाईबंदांतही असं वळं असतं, पण बोन्सायच्या कुंडीत चीक, एकाआड एक पानं आणि वळं ही तीन एकत्र दिसली की फायकस धरायला हरकत नाही.

फायकस तर आहे, पण कुठला?

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण आपल्याकडचे निम्म्याहून अधिक संशय याच घरातले असतात.

नांद्रुक आणि बेंजामिना शेजारी ठेवून बघितले की फरक मनात बसतो. नांद्रुकाचं पान जाडसर, चिवट, टोक बोथट किंवा अगदी आखूड. उजेडासमोर धरलं की बुडातून निघालेली शिरांची एक जोडी दोन्ही कडांच्या बाजूनं तिरकी वर चढताना दिसते आणि बाकीच्या आडव्या शिरा मोजता येतात. बेंजामिनाचं पान पातळ, कडेला हलकी लाट, आणि टोक लांब निमुळतं होत थोडं एका बाजूला वळलेलं. त्याच्या आडव्या शिरा इतक्या बारीक, दाट आणि समांतर असतात की मोजायला गेलं तर नजर हरवते, आणि कडेजवळ त्या एकमेकींना मिळतात. बेंजामिनाच्या डहाळ्याही खाली झुकतात. पान जाड आणि जवळजवळ गोल असेल तर तो नांद्रुकाचाच ग्रीन आयलंड हा वाण असू शकतो. पान अरुंद, लांब, कण्हेरीच्या पानासारखं असेल तर विलो लीफ फायकस.

आणखी एक खूण कीटकच देतात. नांद्रुकाची कोवळी पानं मधल्या शिरेवर शिंपल्यासारखी मिटलेली दिसली तर एक उघडून बघा. आत मोहरीपेक्षाही बारीक काळे, लांबट फुलकिडे वळवळताना दिसतील. हे फुलकिडे ठरावीक फायकसवरच राहतात, नांद्रुकावर तर हमखास. अर्थात बेंजामिनावरही त्यांचा जवळचा नातलग येतो, म्हणून ही खूण जोडीला घ्या, एकटीवर विसंबू नका.

पिंपळ सगळ्यांनाच ओळखू येतो असं वाटतं, पण अष्टा त्याच्यासारखाच दिसतो. दोघांची पानं हृदयाकृती, लांब देठाची. पिंपळाच्या पानाला टोकाशी शेपटीसारखा लांब शेवट असतो, पानाच्या एकूण लांबीत त्याचा वाटा डोळ्यात भरण्याइतका. अष्ट्याचं टोक टोकदार असतं पण आखूड. बोन्सायवर पान लहान झालं तरी शेपटीचं प्रमाण टिकतं, म्हणून सेंटिमीटरमध्ये न मोजता पानाच्या मानानं शेपटी किती, ते बघा.

वडाचं पान जाड, लंबगोल, टोक बोथट, बुडापासूनच तीन ते सात ठळक शिरा. देठ आखूड आणि दणकट. पान उलटं करून देठ जिथे पात्याला मिळतो तिथे बोट फिरवा, तेलकट गुळगुळीत चट्ट्यासारखी एक ग्रंथी लागते. उंबराचं पान त्या मानानं पातळ आणि टोकाकडे निमुळतं, वडासारख्या पारंब्या नाहीत. त्याच्या पानांवर बरेचदा फोडांसारख्या गाठी दिसतात. तो रोग समजून औषध मारू नका, गाठीचा किडा उंबराला फार इजा करत नाही.

आता पिंपरी. हिच्यामुळे दरवर्षी कुणीतरी घाबरतं. नौपाड्यातल्या एका काकूंनी फेब्रुवारीत फोन केला. 'अहो, झाड गेलं का हो माझं? सगळी पानं खाली. बाई रोज झाडून काढतेय.' चिठ्ठीवर नुसतं 'फायकस' होतं आणि फायकस सदाहरित असतो असं त्यांनी वाचलेलं. मी आधी नखानं खोडाची साल किंचित खरवडली. आत ओलसर हिरवं. मग ताटलीत पडलेली पानं उचलून कागदावर ठेवली: लांबट, गुळगुळीत, पातळ, लांब बारीक देठाची, टोक थोडंसंच निमुळतं, बूड गोलसर. शेंड्यांवर फिकट टोपणं फुगून आलेली. पिंपरी हिवाळा सरता सरता सगळी पानं टाकते आणि लगेच तांबूस-गुलाबी पालवीनं भरते. काकूंना सांगितलं, पाणी निम्मं करा, खत अजिबात नको, कुंडी उन्हात असू द्या. महिना उलटायच्या आत त्यांच्या गॅलरीत तांब्याच्या रंगाची पालवी होती आणि शेजारणी बघायला येत होत्या. पानं गळाल्यावर त्यांनी झाड मेलं समजून पाण्याचा मारा केला असता, तर मुळं मात्र खरंच कुजली असती.

चीक नसलेली, दातेरी पानं

फुकियन टीचं पान लहान, गडद हिरवं, चकचकीत, बुडाशी अरुंद आणि टोकाशी रुंद. टोकावर तीन दात. वरून बोट फिरवलं तर खरखरीत लागतं आणि भिंगातून बारीक पांढरे ठिपके दिसतात. तो चुनखडीचा डाग किंवा कीड नव्हे, ती त्या पानाची ठेवणच आहे.

चायनीज एल्मसाठी पान मधल्या शिरेवर दुमडून बघा. एल्मच्या दोन बाजू बुडाशी जुळत नाहीत, एक बाजू खाली उतरलेली राहते. एल्मसारख्याच दिसणाऱ्या झेल्कोव्हाच्या जवळजवळ जुळतात. आपल्याकडे आणखी एक शक्यता धरायला हवी, ती वावळीची. हा आपलाच देशी एल्म. वावळीच्या लहान रोपांची पानं दातेरी असतात, मोठ्या झाडाची सलग. त्यामुळे कोवळी वावळ एल्मच्या चिठ्ठीखाली सहज खपते. पान चुरगळून वास घ्या, वावळीचा वास उग्र आणि नकोसा येतो.

सातवी पायरी: ताडून बघा

एव्हाना दोन-तीन नावं उरली असतील. मोबाइलमधल्या ओळख पटवणाऱ्या ॲपचा उपयोग आता करा, सुरुवातीला नको. अख्ख्या कुंडीचा फोटो दिला की ॲप हमखास 'बोन्साय' नाहीतर 'फायकस' म्हणून मोकळं होतं. चार फोटो वेगवेगळे द्या: फांदीवरची पानांची मांडणी, पानाची वरची बाजू, उजेडासमोर धरलेली खालची बाजू आणि शेंड्याचं टोपण. ॲप जी नावं सुचवेल त्यातून तुमच्या नोंदीशी न जुळणारी वगळत जा. मांडणी चुकली, तर ॲपनं कितीही खात्री दाखवली तरी ते नाव बाद.

मग मोठं झाड गाठा. वड, पिंपळ, उंबर तर ठाण्यात आणि नवी मुंबईत देवळांजवळ, तलावांकाठी जागोजागी आहेत. खाली पडलेलं पान उचला, आपलं पान त्यावर ठेवा. आकार सोडून शिरा, बूड, टोक जुळतात का बघा. जाती पाहून घ्यायला भायखळ्याची राणीची बाग उत्तम. दीडशे वर्षांहून जुन्या या बागेत पुष्कळ झाडांवर नावाच्या पाट्या आहेत आणि लोकल पकडली की सकाळ सत्कारणी लागते. आपल्या झाडाची पानं वहीत दाबून सोबत न्या, फोटोवरून शिरांची तुलना नीट होत नाही.

फायकसवर फळं धरली तर तीही बघून ठेवा. नांद्रुकाची फळं देठाविना फांदीला चिकटून, पिकता पिकता जांभळट-काळी होतात. बेंजामिनाची पिवळसर ते नारिंगी-लाल.

नाव कळल्यावर

लगेच कुंडी बदलू नका, छाटू नका. आधी पाणी आणि जागा दुरुस्त करा, बाकीचं झाड स्थिरावल्यावर. सुरू निघाला तर त्याला गॅलरीतलं सगळ्यात कडक ऊन द्या. बेंजामिना निघाला तर जागा सारखी हलवू नका, जागा बदलली की तो रागावल्यासारखी पानं टाकतो, आणि कापताना प्रत्येक फांदीवर दोन-तीन पानं राहू द्या. जेड निघालं तर पावसाळाभर छताखाली. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, एवढ्यात त्याची मुळं उघड्यावर टिकत नाहीत.

नवी चिठ्ठी अशी करा की पुढचा गोंधळच होणार नाही. प्लास्टिकवर मार्करनं लिहिलेलं आपल्या उन्हात वर्षभरातच उडतं. रिकाम्या डब्याच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी कापा, कडा घासून घ्या, टोकदार खिळ्यानं दाबून अक्षरं कोरा आणि पट्टी कुंडीत खोचण्याऐवजी कुंडीच्या तळाच्या भोकातून तारेनं बांधा, म्हणजे पाणी घालताना पडणार नाही. पट्टीवर मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि कशावरून ओळखलं ते दोन शब्दांत: 'पिंपरी, फायकस व्हायरेन्स, पान व पालवीवरून'. नावाची खात्री नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह कोरा. जुनी चिठ्ठी फेकू नका, मागे खरेदीची तारीख लिहून वहीत चिकटवा. आणि जमलं तर त्याच नर्सरीत जाऊन दोन पानं दाखवून सांगा. त्याच लॉटची बाकीची झाडं अजून तिथेच उभी असतात आणि माळीदादांना खरं नाव हवंच असतं.